पेशीपासून हृदयापर्यंत : घरच्या घरी ऊती ओळखायला शिका

शाळेत ऊतींचा धडा आला की फळ्यावर भलामोठा तक्ता येतो. विभाजी, स्थायी, अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. मुले तो पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि महिन्याभरात विसरतात. दोष मुलांचा नाही. पेशी भिंगाखाली दिसते, अवयव नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पण ऊती कळते ती हाताला. ती ओढून, चिरून, प्रसंगी दाताखाली घेऊन पाहावी लागते. एकसारख्या पेशी एका कामासाठी एकत्र आल्या की त्या समूहाला ऊती म्हणतात, ही व्याख्या बरोबरच आहे. पण तेरड्याचे खोड चिरल्यावर लाल ठिपक्यांचे कडे एकदा डोळ्यांसमोर आले, की ती पुन्हा पाठ करावी लागत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे दोन वाटा दाखवल्या आहेत. झाडात पाण्याची वाट धरायची, मुळापासून पानाच्या छिद्रापर्यंत. प्राण्यात ओढीची वाट धरायची, स्नायूपासून हाडापर्यंत, आणि मग हृदयाकडे यायचे. या वाटेने गेलात तर पेशी, ऊती, अवयव आणि अवयवसंस्था या चार शब्दांचे नाते आपोआप उलगडत जाते.

आधी तयारी

सूक्ष्मदर्शक शाळेतला साधा चालेल. आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) १० पट आणि ऑब्जेक्टिव्ह (स्लाईडजवळचे भिंग) १० पट असेल तर वस्तू १०० पट मोठी दिसते; ४० पटीचे ऑब्जेक्टिव्ह लावले तर ४०० पट. इथल्या बहुतेक गोष्टी १०० पटीतच दिसतात. सूक्ष्मदर्शक मिळत नसेल तर फोल्डस्कोप हा घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक पाहा. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तो तयार केला. त्यातून साधारण १४० पट मोठे दिसते, म्हणजे कांदा आणि गालाच्या पेशींसाठी तो पुरेसा आहे.

बाकीचे सामान असे : स्लाईड, कव्हरस्लिप, चिमटा, सुई, ड्रॉपर, टिपकागद, नवे कोरे ब्लेड, औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडीन आणि मिथिलीन ब्लू. मिथिलीन ब्लू शोधत फिरू नका. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात ते माशांचे औषध म्हणून मिळते. दोन्ही रंग पाण्यात पातळ करूनच वापरायचे, कारण गडद रंगात सगळेच झाकले जाते. कपड्यांवर डाग पडतात, तेव्हा जुना टी-शर्ट घाला. ब्लेड मोठ्यांनीच हाताळायचे.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. नेहमी कमी पटीच्या ऑब्जेक्टिव्हने सुरुवात करायची. बाजूने बघत स्लाईड भिंगाच्या जवळ आणायची, आणि मगच आयपीसमधून पाहत ती हळूहळू दूर न्यायची. उलटे केले की भिंग काचेवर आदळते.

पहिली पायरी : कांद्याचा पापुद्रा

कांद्याच्या चार फोडी करा. आतला एक मांसल पाकळीसारखा थर सुटा करून उलट बाजूला वाकवून मोडा. मोडलेल्या जागी आतल्या, खोलगट बाजूने पारदर्शक पापुद्रा लोंबताना दिसेल. तो चिमट्याने अलगद ओढा, नखाएवढा तुकडा कापा आणि स्लाईडवरच्या पाण्याच्या थेंबात सपाट पसरा. घडी पडली तर सुईने उलगडा. त्यावर पातळ आयोडीनचा एक थेंब टाका. कव्हरस्लिपची एक कड आधी थेंबाला टेकवून दुसरी बाजू सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडा. वरून एकदम टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात. पहिल्यांदा पाहणारे जवळजवळ सगळे जण त्या बुडबुड्यालाच पेशी समजतात. गोल गरगरीत आणि जाड काळ्या कडेचे काही दिसले तर तो बुडबुडा आहे, सरळ पुढे सरका.

आता लांबट, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशी दिसतील. त्यांची कड म्हणजे पेशीभित्तिका. प्रत्येक पेशीत एक पिवळसर तपकिरी ठिपका असतो, ते केंद्रक. रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये त्याला नाव दिले. केंद्रक बहुतेक पेशींत कडेला सरकलेले का असते, हा प्रश्न स्वतःला विचाराच. मधली सगळी जागा रिक्तिकेने, म्हणजे पाण्याने भरलेल्या मोठ्या पिशवीने व्यापलेली असते. पुढच्या पायरीला हीच रिक्तिका कामाला येणार आहे. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे पाहिले, ते मेलेल्या पेशींचे रिकामे कप्पे होते. आयोडीन न टाकता पाहाल तर तुमच्या पापुद्र्यातली पेशी जिवंत असते.

पेशी किती मोठी, हेही काढून पाहा. १०० पटीवर स्लाईडच्या जागी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ठेवा आणि दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजा. बहुतेक सूक्ष्मदर्शकांत तो दीड ते दोन मिलिमीटर भरतो. त्या व्यासात लांबीच्या दिशेने किती पेशी बसतात ते मोजून भागाकार करा. वर्तुळ १.८ मिलिमीटरचे आणि पेशी सहा, तर एक पेशी ०.३ मिलिमीटर लांब. आकृतीखाली हा आकडा लिहिला तरच ती आकृती तुमची.

कांद्यात हिरवे कण दिसत नाहीत म्हणून गोंधळू नका. जमिनीखालच्या पापुद्र्याला उजेडच नसतो, तिथे हरितलवके कशाला असतील? हिरवे कण पाहायचे तर मत्स्यालयात ठेवतात त्या हायड्रिलाचे एक कोवळे पान अखंड स्लाईडवर ठेवा. ते जेमतेम दोन पेशी जाड असते, त्यामुळे कापावे लागत नाही. जरा वेळ उजेडात ठेवून ४०० पटीवर पाहिले तर हरितलवके पेशीच्या कडेकडेने एका दिशेला सरकताना दिसतात. पेशीद्रव्य सतत फिरत असते, हे वाचून पटत नाही. पाहिल्यावर पटते.

दुसरी पायरी : रिओचे पान आणि मिठाचे पाणी

रिओ हे कुंडीतले रोप ओळखायला सोपे. पान वरून हिरवे, खालून जांभळे. नर्सरीत सहज मिळते. माझ्या मते सुरुवातीच्या अभ्यासासाठी याच्याइतके उपकारक दुसरे पान नाही, कारण याला रंग द्यावा लागत नाही. जांभळा रंग रिक्तिकेतल्या पाण्यातच विरघळलेला असतो.

पान तिरके फाडा. फाटलेल्या कडेला जांभळी, पातळ साल सुटून येते. ती पाण्याच्या थेंबात ठेवून पाहा. जांभळ्या पेशी काठोकाठ भरलेल्या दिसतील. आता अर्ध्या कप पाण्यात एक चहाचा चमचा मीठ विरघळवा. कव्हरस्लिपच्या एका कडेला या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. कागद साधे पाणी ओढून घेतो आणि खारे पाणी आत येते. नजर हलवू नका. थोड्याच वेळात जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, आकसतो आणि रिकाम्या चौकटीच्या आत गोळा होऊन बसतो. चौकट मात्र जशीच्या तशी राहते. ती पेशीभित्तिका. आकसले ते प्रद्रव्यपटल, म्हणजे भित्तिकेच्या आतले पातळ आवरण, आणि त्याच्या आतले सगळे. याला रसाकुंचन म्हणतात. लगेच त्याच मार्गाने साधे पाणी आत सोडले तर जांभळा भाग पुन्हा फुगतो.

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर पाणी सुटते ते यानेच. बाहेर क्षार जास्त असले की पेशीतले पाणी प्रद्रव्यपटलातून बाहेर जाते. बाहेर कमी असले की पाणी आत शिरते आणि पेशी भित्तिकेवर दाब देत ताठ होते. मरगळलेली कोथिंबिरीची जुडी पाण्यात ठेवल्यावर उभी राहते, त्यामागे तिच्या असंख्य पेशींचा हाच दाब असतो. कोवळ्या झाडाला हाडे नसतात. ते पाण्याच्या दाबावर उभे राहते.

स्लाईड काढण्याआधी त्याच सालीवर पर्णरंध्रे शोधा. जांभळ्या पेशींच्या मधोमध घेवड्याच्या बीच्या आकाराच्या दोन हिरव्या पेशी समोरासमोर असतात आणि त्यांच्यामध्ये फट. या रक्षक पेशी. फटीकडची त्यांची भित्तिका जाड असते आणि बाहेरची पातळ. पोटॅशियमचे आयन आत आले की मागोमाग पाणी येते, पेशी फुगतात, पातळ बाजू जास्त ताणली जाते, पेशी वाकतात आणि फट उघडते. पाणी गेले की मिटते. एका पेशीतला पाण्याचा दाब सगळ्या झाडाचा श्वास आणि पाणीखर्च ठरवतो, तो असा.

सूक्ष्मदर्शकाजवळ पान नेणे शक्य नसेल तर पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावा, पूर्ण वाळू द्या आणि चिकटपट्टीने उचलून स्लाईडवर चिकटवा. रंध्रांचा ठसा मिळतो. जास्वंदीच्या पानाचे वरचे आणि खालचे ठसे शेजारी ठेवून मोजा. मग तळ्यातल्या कुमुदाचे तरंगते पान घ्या. त्याला रंध्रे वरच्या बाजूला असतात, कारण खाली पाणी आहे.

तिसरी पायरी : पाण्याची सगळी वाट

मोहरीचे दाणे ओल्या कागदावर पसरून वर झाकण ठेवा. दोन-तीन दिवसांत मुळांवर पांढरी लव दिसेल. बुरशी आली म्हणून फेकून देऊ नका. ती मूलरोमे आहेत, आणि त्यातला प्रत्येक केस म्हणजे मुळाच्या सालीतल्या एकाच पेशीचा लांबलेला भाग. पाणी झाडात शिरते ते इथून.

पुढचा टप्पा पाहायला तेरडा घ्या. पावसाळ्यात तो माळावर, बांधावर मुबलक असतो आणि कोकणात गौरी म्हणून घरीही येतो. त्याचे खोड रसरशीत आणि अर्धपारदर्शक असल्यामुळे हे काम त्याच्याइतके दुसरे कोणी करत नाही. रोप मुळांसकट हलक्या हाताने उपटा, माती धुवा आणि लाल शाई घातलेल्या पाण्यात दोन-तीन तास उजेडात, वाऱ्याच्या जागी ठेवा. खोडातून लाल रेघा वर चढताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

आता खोडाचे आडवे काप घ्यायचे. ब्लेड आणि खोड दोन्ही ओले ठेवा, ब्लेड स्वतःकडे एका ओढीत सरकवा, करवतीसारखे पुढेमागे करू नका. एक उत्तम काप घेण्याचा हट्ट धरू नका. भराभर वीस-पंचवीस काप घेऊन वाटीतल्या पाण्यात सोडा आणि त्यातला सर्वांत पारदर्शक निवडा. अर्धवट, पाचरीसारखा निघालेला काप पुष्कळदा सर्वांत चांगला असतो, कारण त्याची एक कड अतिशय पातळ असते.

कापात लाल ठिपके कड्याने मांडलेले दिसतील. ती जलवाहिनी. बाकी सगळा भाग रंगाशिवाय राहिला, म्हणजे पाणी वाटेल तिथून चढत नाही, त्याला ठरलेली वाट आहे. ४०० पटीवर या ठिपक्यांत जाड भित्तिकेच्या पोकळ नळ्या दिसतात. या पेशी मेलेल्या असतात, आणि मेल्यामुळेच उपयोगी असतात. आतले पेशीद्रव्य नाहीसे झाल्यावरच नळी मोकळी होते. लिग्निनमुळे भिंत कडक राहते, ओढ पडली तरी आत दबत नाही. ओढ येते वरून. रक्षक पेशींच्या फटीतून वाफ बाहेर पडते, तिच्या जागी मागचे पाणी सरकते आणि ही साखळी मुळापर्यंत पोहोचते. हवा खेळती ठेवली, पाने जास्त असली की शाई लवकर चढते. हे दोन रोपांवर ताडून पाहता येते : एकाची सगळी पाने काढून टाका, दुसऱ्याची राहू द्या.

मका मिळाला तर त्याचाही काप घ्या. तिथे ठिपके कड्यात नसतात, सगळीकडे विखुरलेले असतात. एकदल आणि द्विदल यांतला फरक इथे एका नजरेत कळतो.

जलवाहिनीच्या बाहेरच्या अंगाला रसवाहिनी असते. पानांत तयार झालेली साखर तिच्यातून जाते आणि तिच्या पेशी जिवंत असतात. भिंगाखाली ती नवख्याला पटकन ओळखू येत नाही. पण बागायतदार तिला न पाहता रोज वापरतात. डाळिंबाची गुटी बांधताना फांदीवरची साल कड्यासारखी काढतात. सालीबरोबर रसवाहिनी जाते, आतल्या लाकडातली जलवाहिनी शाबूत राहते. म्हणून वरची पाने हिरवीगार राहतात, आणि वरून खाली येणारी साखर व मुळे फुटायला लावणारी संप्रेरके कापलेल्या जागी अडतात. ओले शेवाळ बांधले की तिथेच मुळ्या फुटतात. एक फांदी, एक चाकू आणि दोन ऊतींचा वेगळेपणा सिद्ध.

साल आणि लाकूड यांच्यामध्ये पार्श्व विभाजी ऊतीचा पातळ थर असतो. तिथल्या पेशी विभागत राहतात आणि खोड जाड होते. आंब्याचे कलम बांधताना खुंट (खालचे मुळांचे रोप) आणि डोळकाडी (वर बांधायची फांदी) यांचे हे थर एकमेकांना भिडले तरच कलम धरते. केळीला आणि नारळाला हा थर नसतो, म्हणून त्यांना कलम बांधत नाहीत. केळीसाठी कोंबाच्या टोकाची विभाजी ऊती घेऊन प्रयोगशाळेत वाढवतात. जळगावकडच्या बागांत टिश्यू कल्चरची रोपे म्हणतात ती हीच.

आधार देणाऱ्या ऊतींसाठी भिंगही नको. पिकल्या पेरूच्या गरात दाताखाली कचकचते ते कण म्हणजे दृढ ऊतीच्या अश्म पेशी. नारळाचा काथ्या आणि ताग हे त्याच ऊतीचे लांबट तंतू. काथ्या हातांनी तोडून पाहा, म्हणजे दृढ म्हणजे काय ते बोटांना कळेल.

चौथी पायरी : गालाच्या पेशी

एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ या प्रमाणात सलाईन करा. चूळ भरा, कापूस लावलेल्या स्वच्छ काडीने गालाची आतली बाजू हलकेच घासा आणि काडी स्लाईडवरच्या सलाईनच्या थेंबात फिरवा. पातळ मिथिलीन ब्लूचा थेंब, मग कव्हरस्लिप. ज्याने त्याने स्वतःचीच पेशी पाहायची आणि काडी लगेच टाकून द्यायची.

चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या, कुठे एकट्या तर कुठे एकमेकींवर चढलेल्या पेशी दिसतील. मधोमध गडद निळे केंद्रक. मोठी रिक्तिका नाही म्हणून ते मध्येच आहे. ताठ चौकट नाही, कारण भित्तिका नाही. त्यासाठीच साध्या पाण्याऐवजी सलाईन घेतले. कांद्याची पेशी साध्या पाण्यात फुगली तर भित्तिका तिला आवरते. प्राण्याच्या पेशीला आवरणारे कोणी नाही. तांबड्या रक्तपेशी तर साध्या पाण्यात फुटतात, आणि शिरेतून नुसते पाणी न देता सलाईन देतात ते यासाठीच. तुम्ही पाहिलीत ती अभिस्तर ऊती, म्हणजे आवरणाची ऊती. घासली जाणे हेच तिचे जगणे. वरच्या पेशी झडतात, खालच्या थरातल्या विभागून त्यांची जागा घेतात.

पाचवी पायरी : ओढीची वाट

मांसाहार होत असलेल्या घरात कोंबडीची तंगडी हा सर्वांत चांगला धडा. दुकानदाराकडून पंजासकट अख्खा पाय मागून घ्या. हातमोजे घाला, नंतर हात आणि पाट साबणाने धुवा.

कातडी सोलताना खाली जाळीदार, चिकट पांढरा पडदा ताणला जातो. ती विरल संयोजी, म्हणजे जोडणारी ऊती. पिवळट ठिगळे चरबीची. मांस म्हणजे स्नायू, आणि त्याच्या टोकाला चकचकीत पांढरी पट्टी आहे ती स्नायुरज्जू. पंजाच्या वरच्या कापलेल्या तोंडाशी अशा पट्ट्यांची टोके असतात. मागच्या बाजूची एक चिमट्याने पकडून ओढा. बोटे मिटतात! समोरची ओढा, उघडतात. स्नायू फक्त आकुंचन पावू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून सांध्याच्या दोन्ही अंगांना स्नायूंच्या जोड्या लागतात. हे मुलांच्या हातात द्या, पुन्हा सांगावे लागणार नाही.

आता सांधा उघडा. हाडाला हाड बांधणारे चिवट बंध म्हणजे अस्थिबंध. हाडाच्या टोकावर निळसर पांढरी, नखाने दबणारी गुळगुळीत टोपी म्हणजे कास्थी. कास्थीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती झिजली की सहज भरून येत नाही. आजीच्या गुडघ्याचे दुखणे इथे समजते. उकडलेल्या मांसाचा एक तंतू सुयांनी जमेल तितका उसवून मिथिलीन ब्लूमध्ये ठेवला तर ४०० पटीवर आडवे बारीक पट्टे दिसतात. हाडाला जोडलेल्या स्नायूची ती ओळख.

सहावी पायरी : बोकडाचे हृदय

खाटकाला आधी सांगून ठेवा की हृदय चिरा न मारता आणि वरच्या नळ्या शक्य तितक्या लांब ठेवून हवे. घरी आणल्यावर वाहत्या पाण्याखाली गुठळ्या धुवा.

कापण्याआधी दोन्ही बाजू दाबून पाहा. एक बाजू भरीव आणि कडक लागते, ती डावी. दुसरी मऊ, ती उजवी. वरच्या नळ्यांत जाड भिंतीची, तोंड उघडेच राहणारी महाधमनी. शिरांची तोंडे मिटून पडलेली असतात. महाधमनीत बोट घाला, ते डाव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात उतरेल. बोट काढून त्याच नळीत वरून पाणी ओता. झडप शाबूत असेल तर पाणी खाली न जाता वरच तुंबते. तीन खिशांची ती झडप मिटलेली तुम्हाला वरून दिसते.

मग टोकापासून वर उभा छेद द्या. डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड आहे, ती पट्टीने मोजा. उजवीला रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचवायचे असते, डावीला सगळ्या शरीरभर. आत झडपांना धरून ठेवणारे पांढरे दोर दिसतील. ओढून पाहा, तंगडीतल्या स्नायुरज्जूइतकेच चिवट, कारण तीही संयोजी ऊतीच. आतून बोट फिरवा, सर्वत्र बुळबुळीत अस्तर लागते. ती अभिस्तर ऊती, गालातल्यासारखीच चपट्या पेशींची, पण एकाच थराची. मधला लाल जाड भाग हृदस्नायूचा. त्याच्या पेशी फांद्या फुटलेल्या आणि एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून ठोका एकीकडून दुसरीकडे पसरतो आणि सगळा कप्पा एका दमात आकुंचन पावतो. चेता ऊती डोळ्यांना दिसत नाही, ती ठोक्यांचा वेग कमीजास्त करते. चार ऊती मिळून एक अवयव झाला. तुम्ही बोट घातलेल्या नळ्यांचे जाळे आणि त्यांतले रक्त त्याला जोडा, म्हणजे रक्ताभिसरण संस्था.

ज्यांना आणखी पुढे जायचे आहे

पेशी विभागताना पाहायची असेल तर कांदा पाण्याने भरलेल्या ग्लासच्या तोंडावर ठेवून मुळ्या फुटू द्या. सकाळी त्यांची टोके, फक्त दोन-तीन मिलिमीटर, कापून घ्या. पुढचे काम शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोरच करायचे : सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टोके मऊ करणे, अॅसिटोकार्माइनने रंगवणे, कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने दाबणे. ४०० पटीवर शोधा. बहुतेक पेशींत केंद्रक नेहमीसारखे गोल दिसेल. काहींत मात्र ते सुटून गुणसूत्रांचे धागे झालेले असतात, काहींत ते दोन टोकांकडे निघालेले. सगळी गुणसूत्रे नीट पसरलेली एखादी पेशी सापडली तर मोजा. कांद्यात ती १६ भरतात.